नवतप्यात गांडुळांचा पाहुणचार

धरमपेठेच्या मागच्या गल्लीत चंपतराव डांगोऱ्यांचं घर विचारलं, तर लोक आधी मिशी दाखवत आणि मग घर. म्हणजे सांगणारा स्वतःच्या नाकाखाली दोन बोटं ठेवी, ती थेट कानापर्यंत फिरवत नेई आणि म्हणे, "हे वाले ना? तिसरा गेट." चंपतराव वीजकंपनीत होते तेव्हा मीटर तपासायला नुसते वस्तीच्या तोंडाशी उभे राहत. मिशी दिसली की तारेवर टाकलेले आकडे आपोआप गळून पडत, असं त्यांचंच म्हणणं, आणि त्यांच्यासोबत फिरणारे लोक आता हयात नसल्यामुळे ते खोडून काढणारं कोणी नाही.

सुभद्राबाईंनी तर लग्नाच्या वेळी मुलगा पाहिलाच नव्हता, मिशी पाहिली होती. तिच्याखालचा वरचा ओठ त्यांनी आजवर पाहिलेला नव्हता. आहे, एवढं गृहीत धरून त्यांनी संसार केला.

अशी ही मिशी चंपतरावांनी पैजेवर लावली. कशाच्या? तर गांडुळांच्या.

निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, बागेत हसायला जातात, नाहीतर मोबाईलवर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात. चंपतरावांनी गांडुळं पाळली. काटोलकडच्या एका मेव्हण्यानं एक पोतंभर दिली होती, आणि चंपतरावांनी परसदारी निळे प्लास्टिकचे ड्रम आडवे कापून त्यांच्या वेगवेगळ्या खानावळी काढल्या. एका ड्रमात शेण. एकात कळमन्याच्या बाजारातला भाजीपाला, पत्ताकोबीची पानं आणि सडके आंबे. एकात चहाच्या टपरीवरचा चोथा. एकात देवळातलं निर्माल्य. एकात बुटीबोरीच्या कारखान्यातून आणलेला कापसाचा कचरा. आणि एकात मंगल कार्यालयाच्या मागून गोळा केलेलं लग्नातलं उरलंसुरलं. सगळं आधी कोपऱ्यात ओलं करून अर्धवट कुजवायचं, निवू द्यायचं आणि मगच गांडुळांना वाढायचं, हा नियम. ताजं घातलं तर ते आतल्या आत आंबतं, तापतं आणि गांडूळ शिजतं. एवढं चंपतरावांना ठाऊक होतं.

त्यापुढचं जे ठाऊक होतं ते मात्र फक्त त्यांनाच.

"अन्न तसा सोभाव," ते बळीरामच्या पानठेल्यावर सांगत. "चायवाले गांडुळं रातभर झोपत नाही. कान लावून आयका, चर्चा सुरू राहाते. निर्माल्यवाले सकाळी आंघोळीशिवाय खात नाही, पाणी शिंपडाच लागते. कळमन्याच्या मालावर वाढलेले तर इतके बेरकी, का तुम्ही पाच पानं टाकले तर ते आधी तीनच उचलतात, भाव पडाची वाट पाहातात. आन् लग्नातलं खाणारे! त्याइले काम सांगूच नका. जेवले का आडवे, आन् वरून नावं ठेवतात, पुलाव गार होता म्हणून."

"आन् खत?" बळीराम तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता विचारी.

"खत सारेच देतात. पण लग्नवाल्याइचं खत टाकलेलं झाड फळत नाही, रुसून राहाते."

ठेल्यावर बसलेले लोक माना डोलवत. पटलं म्हणून नव्हे. एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी चारनंतर दुसरं करण्यासारखं काही नसतं म्हणून.

मान न डोलावणारे एकच होते, शेजारचे देवराव. देवरावांची कळमन्यात धान्याची अडत. आता गादीवर मुलगा बसे आणि देवराव कूलरसमोर. हा कूलर म्हणजे गल्लीतलं एक स्थळच होतं. तीन बाजूंनी वाळ्याची जाडजूड तट्टी, आत पंखा इतका मोठा, की तो सुरू झाला की समोरच्या घरातले लोक कपाटातून स्वेटर काढत. दोन घरांच्या सामायिक भिंतीला लागून तो उभा असे, आणि त्याच्यातून ठिबकणाऱ्या पाण्यावर देवरावांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, अळूचा वाफा केला होता. सगळं नागपूर करपून पापड झालं तरी त्या अळूची पानं हत्तीच्या कानासारखी डुलत. भिंतीच्या अलीकडे चंपतरावांना त्या कूलरचा फक्त आवाज मिळे.

"चंपत, नवतपा येऊ दे, मे सरताचे ते नऊ दिवस," देवराव एक दिवस म्हणाले. "सूर्य रोहिणीत गेला का तुह्या गांडुळाइची कुरडई होते. तळून खाजो."

"माह्या गांडुळाइची? अबे, काहीबी खाऊ घाल, कसाबी तापव, पचवून बसते ते."

"लाव मंग पैज."

"लाव."

"मिशी?"

बळीरामचा हात खर्ऱ्यावर थांबला. चंपतरावांचा हात मिशीवर गेला, आणि तिथं गेल्यावर हात मागे घेणं त्या हाताला कधी जमलंच नव्हतं.

"मिशी," चंपतराव म्हणाले. "आन् तू काय लावतं? तुले तं मिशीच नाही."

"माहा कूलर."

ठरलं. नवतपा उतरेल त्या दिवशी चंपतरावांची गांडुळं जिवंत दिसली, तर देवरावांचा कूलर उचलून गांडुळांच्या सेवेला. नाही दिसली, तर गल्लीसमक्ष मिशी. पंच बळीराम. वस्तरा कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या विक्कीचा.

सुभद्राबाईंना हे कळलं तेव्हा त्या अनारशांचं पीठ मळत होत्या. त्यांनी वर न पाहता विचारलं, "आन् मिशी गेल्यावर मी तुमाले ओळखू कशी?"

पीठ कशाला, तर यंदा ज्येष्ठ दोनदा आला होता. अधिक महिना, धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई हा जावई राहत नाही, विष्णू होतो. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ताटात दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि तो नाही म्हणेपर्यंत वाढायचं. नाही म्हटल्यावर खरं वाढणं सुरू होतं. मिनलचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि जावई ऋषिकेश नाशिकचा. पहिला धोंडा. त्यात यंदा नवतपा नेमका अधिक महिन्यातच पडला होता, म्हणजे विष्णू येणार तोही भट्टीत.

"कूलर हॉलमधे पायजे," सुभद्राबाई म्हणाल्या. डांगोऱ्यांकडे कूलर एकच, लोखंडी, रंग उडालेला. सुरू झाला की गल्लीतली कुत्री हेलिकॉप्टर समजून वर पाहत.

"कूलर पडवीत राहीन," चंपतराव म्हणाले.

त्यांनी सगळे ड्रम मोडले होते. सगळ्या खानावळींची गांडुळं परसाकडच्या पडवीत, सामायिक भिंतीला लागून असलेल्या एका जुन्या, तळाला तडा गेलेल्या सिमेंटच्या टाकीत एकत्र आणली होती. चहावाली, लग्नवाली, निर्माल्यवाली, सगळी एका छपराखाली. चंपतराव म्हणत, पहिले दोन दिवस आतून भांडणाचा आवाज येत होता. मग लग्नवाल्यांनी झोपून घेतलं आणि शांतता झाली. टाकीवर ओला बारदाना आणि बारदान्यावर कूलरचं तोंड.

"जावई घामाघूम होईन आन् किडे हवा खातीन?"

"ते किडे नाही वं, सुभद्रे. माही मिशी आहे ते."

"बरं आहे. मंग जावईबापूइची खाट पडवीतच टाका. एकाच कूलरात दोघंही."

आणि खरंच तसं झालं. विष्णूचं आसन गांडुळांशेजारी मांडलं गेलं.

ऋषिकेश भला माणूस होता. उंच, सडपातळ, कंपनीत कसलंतरी सॉफ्टवेअर तपासायचं काम आणि जेवण चिमणीएवढं. स्टेशनवरून घरी येईपर्यंत नागपूरच्या उन्हानं त्याचा रंग दोन छटा गडद केला होता. पडवीत खाट पाहून त्यानं बॅग खाली ठेवली. कूलर पाहून त्याचे डोळे पाणावले.

"बसा बापू," चंपतराव म्हणाले. "आन् हे पाहा, हे तुमचे शेजारी." बारदाना उचलून त्यांनी टाकी दाखवली. लालसर, चमकदार, गुंतलेली, सुखी कुटुंबासारखी गांडुळं. "काहीबी खाते. असं एक अन्न नाही जगात का जे माहं गांडूळ पचवत नाही."

"काहीही?" ऋषिकेशनं विचारलं.

"काहीबी."

हे एक वाक्य चंपतरावांनी ठेल्यावर शंभरदा म्हटलं होतं आणि तिथं ते निरुपद्रवी होतं. कारण तिथं कोणी विश्वास ठेवत नसे. जावयानं ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसणं झालं. ताटात दिवा, अनारसे, शेजारी पुरणपोळी, तीही नावाला पोळी. एक उलगडली तर खाटेवर चादर म्हणून चालावी. त्यावर तुपाची धार, आणि ती धार थांबवायचं बटण सुभद्राबाईंच्या हाताला बसवलेलंच नव्हतं.

"पुरे, मामी."

"हाव ना बापू, पुरेच. ही उलसंक घ्या."

"नको, खरंच नको. पोट भरलं."

"पोट भरलं म्हणे! अवं मिनल, हे तिकडे उपाशी ठेवतं का वं तू यांले?"

"आई, ते नाही म्हणतात म्हणजे नाही म्हणतात," मिनल म्हणाली.

"असं कोनी म्हणत असते का?" सुभद्राबाईंना हे खरोखरच नवीन होतं. त्यांच्या माहेरी, सासरी आणि मधल्या सगळ्या गावांत नको याचा अर्थ थोडं थांबून वाढा असा होत आला होता. त्यांनी थोडं थांबून वाढलं.

ऋषिकेशनं ताटाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग तो ताट घेऊन उभा राहिला. "मामी, मी पडवीत बसून खाऊ का? कूलरमध्ये बरं वाटतं."

दहा मिनिटांनी ताट चाटूनपुसून परत आलं. सुभद्राबाईंचं मन भरून आलं. "पाहा, जागा बदलली का भूक लागते," त्या म्हणाल्या, आणि रात्रीच्या जेवणाला प्रमाण वाढवलं.

मग रोज तेच. वडाभात पडवीत, पाटवडी पडवीत, शिरा पडवीत. चहासोबत दोन अनारसे, पडवीत. जावई ताट घेऊन जाई आणि रिकामं आणी. चंपतरावांना एकदा दारातून दिसलं, की जावई टाकीवर वाकून बारदाना नीट अंथरतोय, काठ हातानं दाबून बसवतोय, एखाद्या तान्ह्या लेकराला पांघरूण घालावं तसा. नोकरीत चाळीस माणसं हाताखाली असताना त्यांना एकही मनासारखा माणूस मिळाला नव्हता, आणि इथं पोरीनं शोधून आणला होता.

"मामाजी, यांचं मी बघतो," ऋषिकेश घाईनं म्हणाला. "तुम्ही त्रास घेऊ नका. उघडझाप केली की त्यांना गरम होत असेल ना?"

"होते ना! बरोबर ओळखलं तुम्ही."

"मग उघडूच नका. मी आहे."

त्या दिवसापासून चंपतरावांनी बारदान्याला हात लावला नाही. वरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत, एवढंच. एकदा मनात आलं, की पाहावं जरा. पण हात बारदान्यापर्यंत गेला आणि थांबला. जावयाच्या हातात दिलेलं काम मागून जाऊन तपासायचं? तेही धोंड्याच्या महिन्यात? उद्या मिनल सासरी गेल्यावर हेच निघणार, की तुझ्या बापानं माझ्यामागे किडे मोजले. ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांचे मीटर संशयानं पाहिले, त्यानं स्वतःच्या पडवीत मात्र डोळे मिटून विश्वास टाकला.

टाकीतून गोडसर वास यायला लागला. चंपतराव म्हणाले, जावयाच्या पायगुणानं गांडुळं खुशीत आहेत.

नवतपा तोवर ऐन भरात आला होता. रस्त्यावरचं डांबर चपलेसोबत घरापर्यंत यायला लागलं होतं. बळीरामनं पानाला लावायच्या कातात पाणी घालणं बंद केलं, नुसती वाटी उन्हात ठेवली की ती स्वतःच घाम गाळायची. देवराव रोज भिंतीवरून डोकावत.

"काऊन गा चंपत, आहे का जिवंत?"

"ये ना पाहाले. हात लावू देणार नाही, पण पाहा."

"नाही बा. मी शेवटीच पाहीन. विक्कीसोबत."

मग एका सकाळपासून देवरावांनी डोकावणं अचानक बंद केलं. उलट त्यांनी आपल्या कूलरच्या खाली, अळूच्या वाफ्याभोवती एक ताडपत्री उभी बांधली. ठेल्यावर आले तरी गप्प, आणि गालातल्या गालात काहीतरी चघळत असल्यासारखे. चंपतराव बळीरामला म्हणाले, "पाहून घे. कूलर जाणार म्हणून झाकून ठेवला. शेवटचे दिवस माया लावून राहिला बिचारा."

नवतपा उतरला त्या सकाळी चंपतरावांच्या परसात गल्ली जमली. बळीराम पंच म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आला. विक्कीनं खुर्ची, वाटी, ब्रश आणि वस्तरा असं सगळं आणलं; पांढरं कापडही धुऊन आणलं होतं. देवराव आले. चंपतरावांनी मिशीला तेल लावून टोकं इतकी वर वळवली होती, की ती डोळ्यांत जातील अशी भीती वाटावी.

"उघडतो," चंपतराव म्हणाले.

"मामाजी, जरा थांबा," ऋषिकेश म्हणाला. त्याचा चेहरा नाशिकहून आला होता त्याहून फिका झाला होता.

पण बारदाना उघडला गेला होता.

आधी वाफ आली. मग आंबलेल्या गुळाचा भपकारा असा आला, की पुढे उभे असलेले दोघं मागे उभे असलेल्यांच्या पायांवर चढले. मग दिसलं. सर्वांत वर अनारसे, ओळीनं लावलेले, खसखशीची बाजू वर. त्याखाली पुरणपोळ्या, नीट चौघडी घालून. त्याखाली वडाभात. त्याखाली शिरा, तूप सुटलेला. उत्खननात जुनं शहर सापडावं तसा सुभद्राबाईंचा सगळा पाहुणचार थरावर थर निघत गेला. मुंग्या होत्या. माश्या होत्या. चंपतरावांनी कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. आत चूल पेटलेली असावी तसं तापलं होतं.

गांडूळ मात्र एकही नव्हतं. मेलेलंही नव्हतं.

सुभद्राबाई पुढे आल्या, वाकल्या आणि एक अनारसा उचलून त्यांनी उलटसुलट पाहिला.

"खाल्लाच नाही," त्या हळूच म्हणाल्या. गांडुळांबद्दल नव्हे.

ऋषिकेश उभा होता तसाच उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. मिनलनं त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग जमिनीकडे.

चंपतरावांना सगळं कळलं. रिकामी ताटं कळली, दाबून बसवलेले बारदान्याचे काठ कळले, 'मी आहे' कळलं. जन्मभर चोऱ्या पकडणाऱ्या माणसाला ही चोरी पकडायला अर्धं मिनिट पुरलं, फक्त ते नऊ दिवस उशिरा आलं.

"हे कोणं टाकलं?" बळीराम पंचाच्या आवाजात म्हणाला.

आता खरं म्हणजे एक बोट वर केलं असतं, तर मिशी वाचली असती. दुसऱ्यानं टाकलं, पैज मोडली, घरी जा. बोट उचलायचंच बाकी होतं. चंपतरावांनी जावयाकडे पाहिलं. पहिला धोंडा. सगळी गल्ली उभी. नाशिकला हे जे जाईल ते पुढच्या तीन पिढ्या सांगितलं जाईल.

"मीनं," चंपतराव म्हणाले.

"तुमी?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"हाव, मी. प्रयोग होता. गांडुळाइले बी अधिक महिना करावा म्हटलं." आणि ते चालत जाऊन विक्कीच्या खुर्चीवर बसले. "चाल बे, विक्की. लाव साबण."

"मामाजी..." ऋषिकेश पुढे झाला.

"तुमी बसा बापू. विष्णूनं मधे बोलाचं नसते."

विक्कीनं कापड बांधलं, साबण फेसला. असा माल वस्तऱ्याखाली रोज येत नाही. देवराव कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांचं पोट आतून हसण्यानं हलत होतं. डावी बाजू गेली. तेल लावलेलं टोक कापडावर पडलं, आणि पडल्यावरही वळलेलंच राहिलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

विक्कीनं वस्तरा पुसला आणि उजवीकडे वळला, तेवढ्यात फाटकातून तुळसाबाई आत आल्या. डोक्यावर घमेलं, पदर खोचलेला, आणि चेहऱ्यावर त्या बाईचा राग, जिला तीन दिवस स्वतःच्याच अळूच्या वाफ्यापाशी जाऊ दिलेलं नाही.

"अवं सुभद्रे! हे घे तुहे पाहुणे!" त्यांनी घमेलं धाडकन खाली ठेवलं. "माह्या अळूत येऊन बसले सारे. आज वड्या कराले पानं तोडाले गेली तं मुळाशी नुसती वळवळ!"

घमेल्यात ओली काळी माती होती, आणि मातीत लालसर, चमकदार, गुंतलेली, पुष्ट, सुखी गांडुळं.

"घरात चल," देवराव म्हणाले.

"काहून चलू? तीन दिवसापासून सांगून राहिली, कूलरखाली काहीतरी निघालं, पाहा. तं हे म्हणे, पाहू नको, बोलू नको, पैज सरली का सांगू. ताडपत्री काय लावली! आन् मी वड्या कायच्या करू?"

सगळ्या माना एकाच वेळी देवरावांकडे वळल्या. विक्कीचा वस्तरा हवेत तसाच राहिला.

चंपतराव उठले. अर्ध्या गालावर फेस, अर्ध्या ओठावर मिशी. त्यांनी घमेल्यात बोट घातलं, एक गांडूळ उचललं आणि उजेडात धरलं. "हा लग्नवाला," ते म्हणाले. "पाहा, आळस कसा देऊन राहिला. आन् हे कळमन्याचे. वाट यायनंच काढली असन, भिंतीखालून. माल कुठं चांगला आहे, हे बरोबर समजते त्याइले."

"ते टाकीत पायजे होते!" देवराव ओरडले. "टाकीत नाही ना सापडले!"

"टाकीचं नाव होतं का पैजेत?" चंपतरावांनी बळीरामला विचारलं.

बळीरामनं डोळे मिटून आठवलं. पंचाला शोभेल इतका वेळ आठवलं. "नाही बा. जिवंत दिसले तं, असंच होतं. दिसून तं राहिले."

"आन् कूलर गांडुळाइच्या सेवेले, असं होतं," चंपतराव म्हणाले.

"तं तो तीन दिवसापासून त्याइच्याच सेवेत आहे," तुळसाबाई म्हणाल्या. "खाली बसूनच राहिले ते. आमाले विचारलं बी नाही."

गल्ली हसली ती अशी, की शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. चंपतराव पुढे सांगत की ते थेट बुटीबोरीला जाऊन बसले. देवरावही शेवटी हसले, पण कूलर भिंतीवरून उचलून अलीकडे देताना नाही. त्याला सहा माणसं लागली, आणि जावयानं एकट्यानं दोघांचं वजन उचललं. कोणी सांगायच्या आधीच.

सगळे पांगल्यावर ऋषिकेश सुभद्राबाईंपाशी गेला. "मामी, माझं चुकलं. मला खरंच जात नव्हतं."

"मंग नाही म्हणाचं ना बापू."

"म्हटलं होतं, मामी."

सुभद्राबाई विचारात पडल्या. हे त्यांना पुन्हा एकदा समजावून घ्यावं लागणार होतं. "बरं," त्या म्हणाल्या, "आता एकच अनारसा घ्या. खरोखरचा एकच." आणि त्यानं तो त्यांच्यासमोर उभं राहून, शेवटच्या खसखशीपर्यंत खाल्ला.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. चंपतराव आरशासमोर अर्धी मिशी घेऊन उभे होते. डाव्या बाजूनं निवृत्त माणूस, उजव्या बाजूनं वीजकंपनी. सुभद्राबाईंनी त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. इतक्या वर्षांनी त्यांना वरचा ओठ दिसत होता.

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. "मिनलचा ओठ तुमचाच वं माय! आन् मी इतके वर्षं समजत होती, माहा आहे."

"चांगला आहे का वाईट?"

"दुसरी बाजू पाहिल्याशिवाय काय सांगू?"

विक्कीला परत बोलावलं गेलं. या वेळी कोणी टोपी काढली नाही.

गांडुळं टाकीत परतली, सगळी नाही. काही तुळसाबाईंच्या अळूतच राहिली, आणि चंपतरावांच्या मते ती कळमन्याची होती. देवरावांच्या कूलरची हवा आता टाकीवर येते, आणि देवराव संध्याकाळी खुर्ची घेऊन भिंतीच्या अलीकडे, टाकीशेजारी बसायला येतात. निर्माल्य, शेण, चहाचा चोथा, सगळं पुन्हा सुरू झालं, आधी कुजवून, निववून. चंपतरावांनी विक्कीच्या कापडावरची मिशी, दोन्ही बाजू, कागदात बांधून ठेवली होती. केस म्हणजेही जैविक कचराच, असं म्हणून त्यांनी ती एका सकाळी टाकीत ठेवली. टोकं वर करून.

पाऊस आला, गेला. पत्ताकोबी संपली, सडके आंबे संपले, तुळसाबाईंच्या अळूची देठं संपली. मिशी अजून तशीच आहे. गांडुळं तिला वळसा घालून जातात.

चंपतराव म्हणतात, हा मान आहे. सुभद्राबाई म्हणतात, चव पाहिली असेल.